केसपेपर हरवला की डॉक्टरचं काय अडतं? भंडाऱ्याच्या उदाहरणातून समजून घ्या डिजिटल नोंदींचा फायदा

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर सकाळी थोडा वेळ उभं राहून बघा. रांगेतल्या जवळपास प्रत्येकाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात घडीवर फाटायला आलेले जुने केसपेपर, मेडिकल स्टोअरची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, एखादा एक्स-रे आणि अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. नंबर लागला की ती पिशवी टेबलावर रिकामी होते.

डॉक्टर विचारतात, "आधी कोणती गोळी चालू होती?"

उत्तर येतं, "पांढरी होती जी, बारीकशी."

भंडारा असो की भिवंडी, हा संवाद रोज होतो. फरक असला तर त्या 'जी'चा. पण गंमत बाजूला ठेवा. पांढऱ्या आणि बारीक गोळ्यांमध्ये बीपीची गोळी येते, थायरॉईडची येते, शुगरचीही येते. यातली नेमकी कोणती, हे डॉक्टरांनी अंदाजाने ठरवायचं. त्यासाठी वेळ किती? 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली जगभरातल्या देशांची तुलना करणारा एक अभ्यास आला होता. त्यानुसार भारतात प्राथमिक आरोग्यसेवेतला डॉक्टर एका पेशंटला सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ देऊ शकतो. त्यातलं एक मिनिट पिशवी उलगडण्यात गेलं, तर तपासायला उरलं एक.

इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्ड, म्हणजे ईएमआर, असं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रांग कमी होणं, कागद वाचणं, मोबाईलवर रिपोर्ट येणं असं काहीतरी येतं. पण याचा मोठा फायदा टेबलाच्या पलीकडे बसलेल्या डॉक्टरला होतो, आणि तो झाला तरच आपल्यापर्यंत पोहोचतो. कसा ते बघू.

आधी बेसिक गोष्ट: ईएमआर म्हणजे काय?

एका दवाखान्यात तुमची जी माहिती संगणकावर साठवली जाते, ती झाली ईएमआर. तुमचं वय, वजन, तक्रार, तपासणीत काय आढळलं, कोणत्या चाचण्या झाल्या, कोणती औषधं किती दिवस दिली, कशाची ॲलर्जी आहे, हे सगळं एका जागी.

हीच माहिती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकली, म्हणजे साकोलीच्या डॉक्टरांनी लिहिलेलं नागपूरच्या डॉक्टरांना वाचता आलं, तर तिला ईएचआर म्हणजे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड म्हणतात. एक वही घरातल्या कपाटातली, दुसरी गावोगाव सोबत फिरणारी, असा हा फरक.

'एक पेशंट, एक फाईल' ही कल्पना मात्र संगणकापेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (नागपूरच्या 'मेयो'शी याचा काही संबंध नाही) १९०७ साली डॉ. हेन्री प्लमर यांनी एक पद्धत सुरू केली. तोपर्यंत प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी ठेवायचा. एकच माणूस तीन डॉक्टरांकडे गेला तर त्याची माहिती तीन वह्यांत विखुरलेली असायची. प्लमर यांनी प्रत्येक पेशंटला एक नंबर दिला आणि त्याचे सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवायला सुरुवात केली. आज आपण संगणकाकडून जे मागतोय, त्याचा पाया हाच आहे.

भंडाऱ्यात याची एक झलक दिसून गेली आहे

आता येऊ भंडारा जिल्ह्याकडे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२ लाखांच्या घरात. भाताचा, तलावांचा आणि वैनगंगेचा जिल्हा. हायटेक आरोग्यसेवा म्हटल्यावर पहिलं नाव या जिल्ह्याचं येणार नाही. पण डिजिटल नोंदींचा एक महत्त्वाचा प्रयोग इथल्या सरकारी दवाखान्यांत झाला, तो बीपीसाठी.

२०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा कार्यक्रम आणला. पहिल्या टप्प्यात पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही पाच राज्यं होती. महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्गासोबत भंडारा होता. या कार्यक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

बीपीची अडचण अशी की तो दुखत नाही. गोळी घेतली तरी बरं वाटतं, नाही घेतली तरी बरंच वाटतं. मग माणूस दोन महिने येतो आणि तिसऱ्या महिन्यात गायब होतो. त्यातच रोवणीचे दिवस आले की शेत सोडून दवाखान्यात कोण जाणार? अशा माणसाची आठवण दवाखान्याला थेट लकवा मारल्यावर होते.

या कार्यक्रमात महाराष्ट्र आणि पंजाबमध्ये 'सिम्पल' नावाचं मोबाईल ॲप वापरात आलं. पेशंटला क्यूआर कोड असलेलं एक कार्ड द्यायचं. पुढच्या वेळी तो आला की फोनने कार्ड स्कॅन करायचं, आजचा बीपी आणि औषध टाकायचं, पुढची तारीख द्यायची. बस. लांबलचक फॉर्म नाही. इंटरनेट नसलं तरी नोंद होते, रेंज आली की माहिती आपोआप वर जाते.

यातून डॉक्टरला काय मिळालं, तर एक यादी. यायला हवे होते पण आले नाहीत, अशांची.

ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण हीच यादी कागदी रजिस्टरमधून काढून बघा. रजिस्टरला तुम्ही फक्त नाव विचारू शकता. अमुक माणूस कधी आला होता, एवढंच ते सांगेल, तेही तारीख माहीत असेल तर. 'गेल्या महिन्यात कोण आलं नाही' हे विचारायचं असेल तर कुणाला तरी दुपारभर पानं उलटत बसावं लागतं. ॲपमध्ये ही यादी समोरच असते. त्यावरून फोन करता येतो, आशाताईंना निरोप देता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरला स्वतःचा निकाल कळतो. आपल्याकडे नोंद असलेल्या बीपीच्या पेशंटपैकी कितींचा बीपी १४०/९० च्या खाली आला? रोज शंभर केसपेपर लिहूनही हा आकडा कळत नाही, कारण सगळे केसपेपर पेशंटसोबत घरी जातात. आपण देतोय त्या उपचाराचा उपयोग होतोय का, हे कळणं कुठल्याही डॉक्टरसाठी मोठी गोष्ट असते.

हा झाला एक आजार. आता अशा आजाराकडे बघू, जिथे जुनी नोंद नसेल तर जीवावर बेतू शकतं.

सिकलसेल: एकच आकडा, दोन वेगळे निर्णय

सिकलसेल हा पूर्व विदर्भाच्या घराघरांत ठाऊक असलेला शब्द आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. यात लाल रक्तपेशींचा आकार विळ्यासारखा होतो, त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि प्रचंड वेदना होतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट आहे.

आता समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावातली १९ वर्षांची मुलगी रात्री अंगदुखीने तळमळत ग्रामीण रुग्णालयात आली. सिकलसेलची पेशंट आहे, हे आई सांगते. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.४ निघालं.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी काय करायचं?

निरोगी माणसाच्या मानाने ७.४ खूपच कमी आहे. पण सिकलसेलच्या अनेक पेशंटचं हिमोग्लोबिन एरवीच ७ ते ९ च्या दरम्यान असतं आणि त्यांच्या शरीराला त्याची सवय झालेली असते. या मुलीचं नेहमीचं हिमोग्लोबिन साडेसात असेल, तर रक्त चढवण्याची घाई करायची गरज नाही. वेदना कमी करणं, पुरेसं पाणी आणि सलाईन, संसर्ग आहे का ते बघणं, यावर भर द्यायचा. पण तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन साडेनऊ असेल, तर दोन ग्रॅमची घसरण ही धोक्याची घंटा आहे. प्लीहेत रक्त अडकत असेल, किंवा शरीरात नवीन रक्त तयार होणंच थांबलं असेल. अशा वेळी थांबणं परवडत नाही.

म्हणजे रिपोर्ट एकच, आकडा एकच, पण निर्णय दोन टोकांचे. आणि कोणता बरोबर हे ठरणार गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून. त्या नोंदी घरी राहिलेल्या पिशवीत असतील, तर रात्री दोन वाजता त्यांचा उपयोग काय?

संगणकावर हेच आकडे तारखेनुसार ओळीने दिसतात. आधी ७.८, मग ७.५, मग ७.९, आज ७.४. डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही.

शरीर विसरतं, नोंद विसरत नाही

याच आजारातलं आणखी एक उदाहरण बघा. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. रक्तगट जुळला तरी हे होऊ शकतं, कारण ए, बी, ओ आणि आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांच्या पलीकडेही रक्तपेशींवर अनेक खुणा असतात.

अडचण अशी की या अँटिबॉडींचं प्रमाण काळानुसार कमी होत जातं. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी चाचणी केली तर त्या सापडत नाहीत. रिपोर्ट 'सगळं जुळतंय' असं सांगतो. पण तसंच रक्त पुन्हा चढवलं की शरीराला जुनं वैर आठवतं आणि काही दिवसांत चढवलेल्या पेशी फुटायला लागतात. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो.

अशा वेळी आजची चाचणी डॉक्टरला सावध करू शकत नाही. सावध करू शकते ती जुनी नोंद. दुसऱ्या गावात, दुसऱ्या रक्तपेढीने, तीन वर्षांपूर्वी केलेली. कागदावर ती असली तरी कोणत्या कागदावर, हे कोण शोधणार?

औषधांचंही तसंच आहे. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया देतात. त्याचा डोस वजनावर ठरतो आणि ते चालू असताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स ठरावीक अंतराने तपासाव्या लागतात. आकडे फार खाली गेले तर औषध काही काळ थांबवायचं असतं. मुलाचं वजन वाढलं आणि डोस तोच राहिला, किंवा पेशी कमी होत चालल्या आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, या चुका एकेका कागदाकडे बघून कळत नाहीत. ओळीने लावलेले आकडे बघितले की चटकन कळतात.

चांगल्या प्रणालीत याहून पुढची सोयही असते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला त्याच गटातलं औषध लिहिलं की स्क्रीनवर इशारा येतो. दोन औषधं एकत्र घातक असतील तर तसं दिसतं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने डोस जास्त झाला तर विचारणा होते. ऐंशीवा पेशंट तपासताना थकलेल्या डोळ्यांना अशी मदत हवीच असते.

'मेडिकलला न्या' म्हटल्यावर काय होतं?

भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. गंभीर पेशंट असला की ठरलेलं वाक्य येतं, "मेडिकलला न्या." म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. नाहीतर 'मेयो', म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. रुग्णवाहिका हायवेला लागते, सोबत एक रेफरल चिठ्ठी असते. तिच्यावर दोन-चार ओळी.

भंडाऱ्यात कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं? किती सलाईन गेली? साप चावला असेल तर विषावरच्या औषधाच्या किती बाटल्या झाल्या? हे चिठ्ठीवर नसेल किंवा वाचता येत नसेल, तर नागपूरचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा रक्त काढा, पुन्हा तपासा, पुन्हा नातेवाइकांना तेच प्रश्न विचारा.

परतीच्या प्रवासात तर याहून मोठी गळती होते. पेशंट आठ दिवसांनी डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येतो. पण ज्या डॉक्टरने त्याला नागपूरला पाठवलं, त्याला पुढे काय झालं हे कळतच नाही. आपण काढलेलं निदान बरोबर होतं का, वेळेवर पाठवलं का, पुढच्या वेळी काय वेगळं करावं? ग्रामीण भागातल्या डॉक्टरला हे शिकवणारं दुसरं कुणी जवळ नसतं. त्याचे स्वतःचे पेशंटच त्याचे गुरू असतात, आणि त्यांचा निकाल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्हीकडच्या नोंदी जोडल्या गेल्या तर हा फायदा डॉक्टरला आयुष्यभर पुरेल असा आहे.

मग 'आभा' कार्ड याच्यासाठीच आहे का?

हो, बरोबर ओळखलंत. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने ती देशभर लागू झाली. यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' नंबर मिळतो. डॉक्टरांची वेगळी नोंदणी असते, दवाखान्यांची वेगळी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आभा म्हणजे तुमची सगळी माहिती दिल्लीतल्या एका मोठ्या संगणकात जाऊन पडते, असं नाही. माहिती ज्या दवाखान्यात तयार झाली, तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती बघायची असेल तर तुमच्या मोबाईलवर विचारणा येते. तुम्ही परवानगी दिली तर, आणि जितक्या दिवसांसाठी दिली तितकेच दिवस, ती दिसते. प्लमर यांनी दिलेला तो एक नंबर आठवा. कल्पना तीच, फक्त फाईल एका इमारतीऐवजी देशभर शोधता येते.

अट एकच. दवाखान्याने नोंद संगणकावर केली पाहिजे आणि ती आभाशी जोडली पाहिजे. नुसतं कार्ड काढून खिशात ठेवलं, तर ते रिकाम्या फाईलवरच्या नंबरसारखं आहे.

अक्षर, कायदा आणि डॉक्टरची बाजू

डॉक्टरांच्या अक्षरावर मीम्स बनवून झाले असतील तर एक माहिती ऐका. वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ साली झालेल्या बदलानुसार डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचं आहे. छापील चिठ्ठीमुळे हा प्रश्न मुळातच मिटतो. केमिस्टचा फोन येत नाही आणि नावात साम्य असलेलं भलतंच औषध जाण्याचा धोका कमी होतो.

याच आचारसंहितेचा २००२ चा मूळ मसुदा आणखी तीन गोष्टी सांगतो. भरती असलेल्या पेशंटच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. पेशंटने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या. आणि नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करायचा. होय, हे २००२ सालीच लिहून ठेवलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले, त्यात तीन वर्षांत नोंदी पूर्णपणे डिजिटल करण्याची अट होती. पण इतर काही तरतुदींवरून वाद झाला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

नोंदींचा आणखी एक उपयोग डॉक्टर सहसा उघडपणे बोलत नाहीत. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली. तक्रार झाली तर आयोगासमोर पहिला प्रश्न येतो, 'कागद दाखवा.' डॉक्टरने सगळं नीट केलं असेल, पण लिहिलं नसेल, तर सिद्ध करणं कठीण. कोणत्या वेळी काय तपासलं, काय समजावलं, काय दिलं याची वेळेसकट नोंद असेल तर प्रामाणिक डॉक्टरला तीच वाचवते. आणि कुणी नंतर बदल केला तर चांगल्या प्रणालीत त्याचीही खूण राहते, त्यामुळे पेशंटलाही संरक्षण मिळतं.

इतकं चांगलं आहे, तर अडतं कुठे?

आता दुसरी बाजू. संगणक आणून टेबलावर ठेवला की डॉक्टरचं काम हलकं होतं, असं अजिबात नाही. उलटंही होतं.

२०१६ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांवर एक अभ्यास आला. पेशंटसोबत घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांच्या कामात जात होते. तिथे नोंदींचे रकाने डॉक्टरच्या गरजेपेक्षा बिलं आणि विम्यासाठी जास्त वाढत गेले, ही तिथल्या डॉक्टरांची जुनी तक्रार आहे.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. टीबीची नोंद 'निक्षय' पोर्टलवर, गरोदर मातांची दुसऱ्या पोर्टलवर, बीपी-शुगरची तिसऱ्या, आणि शिवाय रजिस्टर आहेच. एकाच माणसाचं नाव, वय, गाव चार ठिकाणी भरायचं. कागद बंद न करता संगणक आणला की काम दुप्पट होतं, आणि त्याचा भार नर्सताई आणि डेटा एंट्री ऑपरेटरवर पडतो. मग आकडे घाईत भरले जातात. घाईत भरलेल्या आकड्यांवर डॉक्टर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास नसलेली प्रणाली कुणी वापरत नाही.

इशाऱ्यांचंही तसंच. दर दुसऱ्या औषधाला स्क्रीनवर लाल खिडकी उघडायला लागली, तर डॉक्टर न वाचताच ती बंद करायला शिकतो. आणि कधीतरी त्यातला खरा इशाराही बंद होतो.

वीज आणि इंटरनेटचा प्रश्न तर आहेच. दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथेही बरेच दिवस हातानेच काम चालवावं लागलं होतं. म्हणून बॅकअप आणि कागदाची पर्यायी सोय लागतेच.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट, गोपनीयता. सिकलसेलचा वाहक सहसा पूर्ण निरोगी असतो. पण 'मुलगी वाहक आहे' ही बातमी गावात फुटली तर लग्न मोडू शकतं. आधी केसपेपर एका पिशवीत होता, आता तो कुठल्या कुठल्या स्क्रीनवर उघडू शकतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. पण दवाखान्यात एकच पासवर्ड पाच जण वापरत असतील आणि पेशंटचे रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतील, तर कायदा काय करणार? लोकांचा विश्वास गेला की ते खरं सांगणं बंद करतात. तसं झालं तर पहिलं नुकसान डॉक्टरचंच, कारण त्याचा निर्णय त्याला मिळालेल्या माहितीवरच उभा असतो.

विदर्भातच आहे एक जुना धडा

हे सगळं आपल्याकडे जमेल का, असा प्रश्न पडला असेल तर वर्धा जिल्ह्यात जा. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या कस्तुरबा रुग्णालयाने २००० च्या दशकातच सी-डॅक या सरकारी संस्थेच्या मदतीने रुग्णालयाची संगणक प्रणाली उभारली. शेतकरी आणि मजुरांचं रुग्णालय, खादी वापरणारी संस्था, आणि पेशंटचे रिपोर्ट मात्र संगणकावर. म्हणजे मोठ्या शहराची आणि पंचतारांकित हॉस्पिटलचीच ही मक्तेदारी नाही.

भंडाऱ्याचं बीपीचं ॲप आणि सेवाग्रामची प्रणाली यांचा आवाका वेगवेगळा आहे. एक मोबाईलवर मावणारं, दुसरी अख्ख्या रुग्णालयाची. पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात. डॉक्टरने जेवढं टाईप केलं, त्यापेक्षा जास्त कामाचं काहीतरी त्याला परत मिळालं तर तो प्रणाली वापरतो. बीपीच्या ॲपमध्ये काही सेकंदांची नोंद केली आणि गळालेल्या पेशंटची यादी मिळाली. हा व्यवहार डॉक्टरला परवडतो. पाच मिनिटं रकाने भरले आणि हाती काहीच आलं नाही, हा परवडत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात भंडाराही आहे, १०० जागांचं. म्हणजे आता या जिल्ह्यात डॉक्टर घडणारही आहेत. ही मुलं लहानपणापासून मोबाईल हातात घेऊन वाढली आहेत. त्यांना संगणक शिकवावा लागणार नाही. शिकवावं लागेल ते नोंद नीट आणि खरी करणं.

तोपर्यंत तुमच्या हातात काय आहे?

सगळीकडे ही व्यवस्था यायला वेळ लागेल. पण डॉक्टरचं ते एक मिनिट तुम्ही आजही वाचवू शकता.

पहिलं, घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, नाव आणि डोस दिसेल असा. 'पांढरी, बारीक' हा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरं, रक्तगट, औषधांची ॲलर्जी, आधी रक्त चढवलं असेल तर कधी आणि कुठे, हे एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. घरात सिकलसेलचा पेशंट असेल तर त्याचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं, हे घरातल्या दोघांना तरी पाठ असू द्या.

तिसरं, डिस्चार्ज झाल्यावर कार्ड घेऊन आधी ज्या डॉक्टरने पाठवलं त्याला दाखवा. त्याच्या नोंदीत ते जायला हवं.

चौथं, आभा नंबर काढला असेल तर दवाखान्यात तो सांगा आणि रिपोर्ट त्याला जोडायला सांगा. मोबाईलवर परवानगीची विचारणा आली तर कोण मागतंय आणि किती दिवसांसाठी, हे वाचूनच 'हो' म्हणा. ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगू नका.

आणि ती प्लास्टिकची पिशवी? ती अजून टाकू नका. फक्त कागद तारखेनुसार लावून ठेवा, सगळ्यात नवा वर.